बाटलीतली ऑर्किडं आणि वर्ध्याचं ऊन

वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला टिश्यू कल्चर नवं नाही. सेलू तालुका एकेकाळी केळीसाठी ओळखला जाई, आणि जी-नाइन केळीची प्रयोगशाळेतली रोपं तर आता राज्यभर लागतात. एका चांगल्या झाडापासून हजारो रोपं, सगळी सारखी. बाजाराला असंच हवं असतं. रानातलं ऑर्किड वाचवायचं असेल, तर मात्र हा सारखेपणाच घातक ठरतो. सगळी रोपं एकाच रक्ताची असली, तर एकच रोग सगळ्यांना पुरतो.

महाराष्ट्रातली बहुतेक ऑर्किडं सह्याद्रीच्या पावसात वाढतात. विदर्भाच्या कोरड्या पानझडी रानात टिकणाऱ्या जाती थोड्या, आणि त्यांतली वांडा टेसेलाटा मला फार मोलाची वाटते. ती आंब्या-मोहाच्या जुन्या फांद्यांवर राहते. हवेत लोंबणाऱ्या मुळांवरचं सच्छिद्र आवरण पाऊस आणि दव शोषून घेतं. जाड पानांची रंध्रं दिवसा मिटतात, रात्री उघडतात, म्हणून पाणी वाचतं. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या, ओठ निळा-जांभळा. औषधी ‘रास्ना’ म्हणून मुळांसाठी ती रानातून ओरबाडली जाते, आणि तिला आधार देणारी जुनी झाडंही तुटत आहेत.

तिच्या एका बोंडात धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण एकाही बीजवळ शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटून तिने अन्न पुरवलं तरच बी रुजते. हे नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये ओळखलं. अमेरिकेत लुईस नडसन यांनी 1922 मध्ये साखर आणि क्षार घातलेल्या आगरच्या जेलीवर, बुरशीवाचून, बी उगवून दाखवलं. आजही मूळ रीत तीच आहे. न फुटलेलं हिरवं बोंड बाहेरून निर्जंतुक करायचं, निर्जंतुक हवेच्या झोतात चिरायचं आणि बी बाटलीत पेरायचं. आधी हिरवे बारीक गोळे दिसतात, मग पानं, मग मुळं. पानाच्या किंवा शेंड्याच्या तुकड्यापासूनही रोपं होतात, पण ती एकाच झाडाच्या नकला. संवर्धनासाठी वेगवेगळ्या झाडांवरची बोंडं घेऊन बियांपासूनच रोपं करावीत, कारण प्रत्येक बी वेगळी असते.

खरी कसोटी बाटलीबाहेर लागते. आत दमट हवा आणि आयती साखर, त्यामुळे पानांवर मेणाचा थर पातळ राहतो, रंध्रं नीट मिटत नाहीत. असं रोप पारा 45 अंशांवर जाणाऱ्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात बाहेर काढलं तर सुकणारच. म्हणून त्याला पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर काढावं, कोळसा, विटांचे तुकडे आणि काथ्यावर सावलीत वाढवावं, आणि हळूहळू उन्हाची सवय लावावी. त्यानंतर ते झाडाच्या खडबडीत सालीवर बांधायचं. फूल यायला काही वर्षं लागतात. पुढची पिढी रुजायला ती बुरशी आणि परागण करणारे कीटकही तिथे हवेतच. प्रयोगशाळा रोपांची संख्या देईल. रान मात्र रानातच राखावं लागेल.

तुमच्या बांधावरच्या आंब्यावर किंवा मोहावर हे ऑर्किड दिसलं, तर बांडगूळ समजून काढू नका. बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त आधार घेतं. वादळात फांदी मोडून पडली, तर ते अलगद सोडवा आणि सुतळीने दुसऱ्या फांदीवर सावलीच्या बाजूला बांधा.