भागभांडवल वहीत, विश्वास कशात मोजायचा?



आपल्या शेअर्सचा हिशेब आपल्या सर्वांना पाठ आहे. किती रक्कम भरली, बिलातून किती कपात झाली, ठेव किती, सारे वहीत उतरलेले असते. पण ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस यवतमाळच्या दवाखान्यात पडला, तर वही कामाला येत नाही. तेव्हा शेजारी धावतो, सावड करून पेरा उरकून देतो, बैलांना वैरणही टाकतो. माणसांच्या या एकमेकांवरील भरवशाला अभ्यासक 'सामाजिक भांडवल' म्हणतात. आता हे भांडवल मोजायचे कसे? काट्यावर तर चढवता येत नाही!

रॉबर्ट पटनम या अमेरिकन प्राध्यापकांचा इटलीतील प्रांतांवरचा ग्रंथ १९९३ साली निघाला. कोणत्या प्रांतात क्रीडामंडळे व सांस्कृतिक संस्था किती, वर्तमानपत्र वाचणारे किती, सार्वमताला मतदान किती, हे त्यांनी मोजले. जिथे हे आकडे मोठे, तिथे प्रांतिक सरकारचा कारभारही चांगला आढळला.

हीच फूटपट्टी आपल्याकडे चालेल का? प्राध्यापक अनिरुद्ध कृष्ण हे पूर्वी राजस्थानात सनदी अधिकारी होते. त्यांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील ६९ खेड्यांत दोन हजारांवर लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यावरील पुस्तक २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या ध्यानात आले, की नोंदणीकृत संस्थांचे सभासद मोजून गावाचा एकोपा कळत नाही. अशा बहुतेक संस्था सरकारच्या पुढाकाराने निघालेल्या असतात. म्हणून त्यांनी साधे प्रश्न विचारले. साऱ्या पिकावर रोग पडला, तर जो तो आपापले पाहील की गाव एकत्र येईल? दुसऱ्याचे पोर वाट चुकत असेल, तर त्याला चार शब्द सुनावता येतात का? एकट्याची थोडी जमीन बरी, की भागीदारीतली त्याहून जास्त? या उत्तरांवरून त्यांनी प्रत्येक गावाचा निर्देशांक काढला. आणखी एक गोष्ट दिसली. नुसता एकोपा पुरत नाही. कचेरीची वाट माहीत असलेला, अर्ज लिहून देणारा, पाठपुरावा करणारा माणूस गावात असेल, तरच त्या एकोप्यातून विकासाची कामे उभी राहतात.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी व देवराज रे या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील जवळपास १०० सहकारी साखर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील आकडेवारी तपासली आणि २००१ साली निबंध प्रसिद्ध केला. परिसरातील जमीनधारणेतली तफावत आणि उसाचा भाव त्यांनी शेजारी शेजारी मांडून पाहिले. जिथे लहान-मोठ्या शेतकऱ्यांत तफावत जास्त, तिथे भाव कमी आणि गाळप क्षमताही कमी, असा निष्कर्ष निघाला. कारणही त्यांनी दिले आहे. भाव कमी ठेवला की पैसा कारखान्यात शिल्लक राहतो, आणि तो कुठे खर्चावा हे ठरवताना बड्या सभासदांचा हात वरचढ असतो. कायद्याने सर्वांना एकेकच मत आहे. तरी वजन सारखे पडत नाही, आणि त्याचा फटका उसाच्या बिलातच बसतो.

म्हणून दिग्रस भागातील सभासदांपुढे आम्ही तीन प्रश्न ठेवतो.

१. तोडणीची टोळी आली, की ज्याचा ऊस आधी पक्व झाला त्याला आपण पाळी सोडतो का?

२. अरुणावतीच्या कालव्यावर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचावे, म्हणून वरचा शेतकरी वेळेवर आपले दार बंद करतो का?

३. एक एकरवाला सभासद वार्षिक सभेत उभा राहून ताळेबंदावर प्रश्न विचारू शकतो का? विचारलाच, तर पुढच्या हंगामात त्याच्या तोडीची तारीख मागे जाईल, अशी भीती त्याला वाटते का?

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "सभेले गेलो, चाय घेतला, हात वर केला अन् वापस आलो," असे म्हणणारा माणूस हजेरीत धरला जातो, गणसंख्याही पुरी होते. पण त्याच्या मनातला प्रश्न मनातच राहतो.

पोळ्याच्या सुमारास वार्षिक सभेची नोटीस हाती पडते. त्याआधी गावोगावच्या सभासदांनी पारावर बसून हे प्रश्न एकमेकांना विचारावेत, ज्यांची जमीन थोडी आहे त्यांना आधी बोलू द्यावे, आणि जी उत्तरे निघतील ती लिहून सभेत आणावीत, ही आमची नम्र विनंती.