शिरे नदीच्या कांठचा ऊंस

इंग्लंडांतील वाणसामानाच्या दुकानांत साखरेच्या कांहीं पुड्यांवर ‘फेअरट्रेड’ असा शिक्का आढळतो. तो पाहून घेणाऱ्या गृहिणीचा सहजच समज होतो कीं, ऊंस पिकविणाऱ्याला चढा भाव मिळाला असावा. साखरेच्या बाबतींत तसें नाहीं. कॉफी व कोको यांना या व्यवस्थेंत किमान भाव बांधून दिलेला असतो; साखरेला तो नाहीं. निरनिराळ्या सरकारांच्या जकातींनीं व अनुदानांनीं साखरेचे जागतिक दर इतके विकृत केले आहेत कीं, न्याय्य भाव कोणता हें ठरविणेंच दुरापास्त झालें. म्हणून शिक्क्याखालीं विकलेल्या दर टन साखरेमागें ६० डॉलर निराळे द्यावे, असा मार्ग काढण्यांत आला. ही रक्कम उत्पादकांच्या संघाकडे जाते, आणि तिचें काय करावयाचें हें सभासद सभा भरवून ठरवितात.

हें प्रत्यक्षांत कसें घडतें तें पाहण्यास मलावी देशांतील चिक्वावा जिल्ह्याचें उदाहरण चांगलें आहे. मलावी सरोवरांतून निघालेली शिरे नदी येथून झांबेझीकडे वाहत जाते. हवा उष्ण, पाऊस अपुरा व बेभरंवशाचा. येथें कासिंथुला येथील लहान शेतकऱ्यांचा संघ नदीचें पाणी पंपानें उचलून ऊंस करतो व न्चालो येथील इलोवो कंपनीच्या कारखान्याला घालतो. तोडलेला ऊंस फार काळ ठेवतां येत नाहीं आणि बाकीचे कारखाने दूर उत्तरेकडे. तेव्हां घासाघीस करण्यास जागा ती कितीशी असणार!

या गांवांतील बायका-मुलें पूर्वीं पिण्याचें पाणी नदीवरून आणीत, आणि शिरे नदींत मगरी पुष्कळ. संघाच्या सभांनीं या रकमेंतून प्रथम कूपनलिका खोदविल्या; पुढें कांहीं वस्त्यांत वीज आली, शाळेला मदत झाली. घागर घेऊन पाण्यांत उतरण्याचें भय ज्या घरांतून गेलें, त्या घरीं ६० डॉलरांचा हिशेब वेगळ्या रीतीनें होतो.

तरी या योजनेच्या मर्यादा लहान नाहींत. पिकलेल्या साखरेपैकीं शिक्क्याखालीं खपेल तेवढ्यावरच ही रक्कम मिळते. उरलेली साखर साध्या साखरेंत जाते. युरोपीय संघानें २००६ पासून साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्यानें ३६ टक्के उतरविला आणि २०१७ मध्यें बीट-साखरेच्या उत्पादनावरील मर्यादाहि उठविली. तेथें बीटाची साखर वाढली, भाव कोसळले आणि आफ्रिकेच्या उंसाला गिऱ्हाईक कमी झालें. या निर्णयांत चिक्वावाच्या सभेला मत नव्हतें. मजुरीनें ऊंस तोडणाऱ्या बिगर-सभासदाला तर त्या सभेंतहि मत नाहीं. कूपनलिकेचें पाणी मात्र त्यालाहि मिळतें. शिवाय जेथें ऊंस उभा आहे तेथें मका होत नाहीं, आणि मक्याचें पीठ हेंच या लोकांचें रोजचें अन्न. तें मग बाजारांतून घ्यावें लागतें.

जानेवारी २०२२ मध्यें ‘आना’ वादळाच्या पुरानें याच जिल्ह्यांतील कापिचिरा धरण फोडलें. देशाच्या विजेचा मोठा भाग तुटला, आणि तेथील वीजनिर्मिति पुन्हा सुरू होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. विजेच्या पंपावर ऊंस जगविणाऱ्या मुलखाला हा आघात जबर होता. कूपनलिकेवरच्या हातपंपाला वीज लागत नाहीं.