पाठीवरचा बाण

लष्करी घड्याळ हातात आलं की जाणकार माणूस ते आधी पालथं करतो. तबकडी, काटे, कंपनीचं नाव, सगळं नंतर. मागच्या झाकणावर वर टोक केलेला, तीन रेघांचा, चिमणीच्या पावलासारखा बाण आहे का, हे पहिल्यांदा पाहायचं. मग त्याखालची अक्षरं आणि आकडा. माझ्या टेबलावरच्या घड्याळाच्या पाठीवर बाण आहे, ‘जी.एस.टी.पी.’ ही अक्षरं आहेत आणि एक क्रमांक आहे. नाव कुणाचंच नाही.

आजोबांच्या खिशातल्या घड्याळावर त्यांची आद्याक्षरं असतात, कुठे लग्नाची तारीख असते. हे घड्याळ मात्र ज्याने वापरलं त्याचं कधीच नव्हतं. मराठी वाचकाला हा फरक सांगायला शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द पुरेत. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. जी.एस.टी.पी. हे बारगिराचं घड्याळ. काम संपलं की सरकारजमा करायचं.

हा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे आणि तो घड्याळांपेक्षा खूप जुना आहे. १६९१च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने जमिनीपासून १२ इंचांवर २४ इंच व्यास भरणारी झाडं राजाच्या आरमारासाठी राखून ठेवली, आणि डोलकाठ्यांसाठी निवडलेल्या झाडांवर कुऱ्हाडीने हाच बाण कोरला जाई. १८७५च्या सरकारी सामानाच्या कायद्याने अधिकाराशिवाय ही खूण वापरणं गुन्हा ठरवलं. साम्राज्यातल्या देशांनी आपापले फरक केले. कॅनडाने बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात घातला, ऑस्ट्रेलियाने दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये उभा केला, आणि इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींवर बाणासोबत ‘आय’ आला. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दिसले, तर माल सरकारातून रीतसर विकून बाहेर पडला असं समजायचं. असं घड्याळ मिळालं तर मला विशेष आनंद होतो. त्याच्या नोकरीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही एकाच झाकणावर वाचायला मिळतात.

जी.एस.टी.पी. ही घड्याळं दुसऱ्या महायुद्धातली. ‘जनरल सर्व्हिस’पर्यंत संग्राहकांचं एकमत आहे. पुढच्या ‘टी.पी.’चा अर्थ कुणी ‘टाइम पीस’ लावतो, कुणी ‘ट्रेड पॅटर्न’, तर कुणी ‘टेम्पररी पॅटर्न’. मला ‘ट्रेड पॅटर्न’ पटतो, कारण ही घड्याळं पाहिल्यावर तेच जाणवतं. लष्कराने बारीकसारीक तपशील ठरवून एकच घड्याळ बनवून घेतलेलं नाही. स्विस कंपन्यांकडे जे चांगलं, दणकट मॉडेल होतं ते उचललं आणि त्यावर बाण उमटवला. म्हणून एकाच खुणेखाली जेजर-लकूल्त्र, ओमेगा, सायमा, हेल्व्हेशिया, ब्यूरेन, मोएरिस, रेक्टा, डोक्सा अशी कितीतरी नावं सापडतात. साधारण घाट मात्र सारखाच. पाचेक सेंटिमीटरची, क्रोमचा मुलामा दिलेली केस, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, आत बहुधा १५ ज्वेलचं मशीन. जेजर-लकूल्त्रचं असेल तर झाकण उघडल्यावर मशीनवर ४६७ हा कॅलिबर क्रमांक शोधावा.

इथे नवशिका हमखास गोंधळतो. पाठीवरचा क्रमांक आणि मशीनवरचा क्रमांक जुळत नाहीत, म्हणून तो घड्याळ नकली ठरवतो. ते जुळायचं कारणच नाही. मशीनवरचा आकडा कारखान्याचा, पाठीवरचा लष्करी भांडाराचा. जुळायला हवी ती झीज. मुलामा उडून केसच्या कडेला पितळ उघडं पडलंय, टांगायची कडी अर्धी घासली गेलीय, आणि पाठीवरच्या बाणाच्या रेघा मात्र काल कोरल्यासारख्या धारदार! अशा वेळी घड्याळ शांतपणे परत द्यावं. तबकडी पांढऱ्याशुभ्र रंगाने पुन्हा रंगवलेली असली तरी मन हळहळतं. डागाळलेली, पिवळट पडलेली मूळ तबकडी माझ्या लेखी शंभर पटीने मोलाची आहे.

तबकडीच्या आकड्यांवरच्या पिवळट, तपकिरी रंगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे रात्री चमकणाऱ्या कशालाही ‘रेडियम’ म्हणतात, गाडीच्या नंबरपाटीवरच्या पट्टीलासुद्धा. या घड्याळांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर मात्र खरोखरचं रेडियम आहे. रेडियमचे किरण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि ते उजळतं, असा तो रंग. काही दशकांत झिंक सल्फाइड निकामी होतं आणि उजेड विझतो. रेडियम तसंच राहतं, कारण ते निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. म्हणजे अंधारात काहीही न दिसणारं घड्याळसुद्धा किरणोत्सर्गी असतं. ते ओळखीच्या कामीही येतं. अतिनील टॉर्च मारून बंद केल्यावर आकडे बराच वेळ हिरवे झगमगत राहिले, तर रंग अलीकडे भरलेला आहे. पण ती पूड खरवडू नये, फुंकू नये, घरच्या जेवणाच्या टेबलावर तबकडी उघडू नये. आणि पंधरा-वीस घड्याळं बंद कपाटात कोंडू नयेत, कारण रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. हे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो, त्याला कंटाळा आला तरी.

पहिल्या महायुद्धातली ‘मार्क फाइव्ह’ घड्याळं वेगळीच. ती रॉयल फ्लाइंग कोअरच्या विमानांत चालकासमोरच्या फळीवर बसवायची होती, म्हणून त्यांची किल्ली द्यायची दांडी लांब असते. काळ्या तबकडीवर ‘३० अवर’ आणि ‘नॉन-ल्युमिनस’ असं चक्क लिहिलेलं सापडतं. उघड्या विमानाच्या धडधडीतून वाचलेलं असं एखादं घड्याळ अजून चालताना दिसलं की मी बराच वेळ नुसता ऐकत बसतो.

आरमाराची डेक वॉच या घराण्यातली सर्वांत काटेकोर. जहाजाचा क्रोनोमीटर, म्हणजे वेळेचं मुख्य घड्याळ, खाली, धक्क्यांपासून जपून ठेवलेला असे. सूर्य किंवा तारा मोजायला वर डेकवर जायचं, तर क्रोनोमीटरशी ताडलेलं हे घड्याळ बरोबर न्यायचं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून चार सेकंदांची चूक झाली की विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. ब्रिटिश डेक वॉचवर ‘एच.एस.’, म्हणजे हायड्रोग्राफिक सर्व्हिस, ही अक्षरं बाणासह असतात. १८२१पासून आरमाराच्या क्रोनोमीटरांची व्यवस्था ग्रिनिचच्या वेधशाळेकडे होती. कोणता क्रोनोमीटर कधी आला, कोणत्या जहाजावर गेला, याच्या तिथल्या वह्या आता केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. अशा नोंदीमुळे नुसत्या आकड्याला एकदम जहाज मिळतं.

अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीचं ‘४९९२बी’ याच कामासाठी आकाशात गेलं. मूळ घडण रेल्वेच्या ९९२बीची, ज्वेल २२, काळी तबकडी २४ तासांची, आणि चावी ओढली की सेकंदकाटा जागीच थांबतो, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेशी सेकंदाला सेकंद जुळवता येतो.

जर्मन घड्याळांबाबत माझा सल्ला एवढाच, की गरुड आणि स्वस्तिक जितकं ठळक, तितका संशय ठळक असावा. त्या खुणांना चढा भाव येतो, म्हणून साध्या घड्याळांवर त्या मागाहून कोरल्या जातात.

आपल्याकडे मात्र लष्करी म्हणून बहुतेक वेळा समोर येतं ते वेस्ट एंड वॉच कंपनीचं घड्याळ. मुंबई-कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकल्या गेलेल्या या स्विस घड्याळांत ‘सोवार प्राइमा’ फार लोकप्रिय होतं. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडदळातला. हिंदी सैन्यातल्या माणसांनी ती आवडीने घेतली. पाठीवर बाण नसेल तर ते सरकारी नव्हे, स्वाराने पगारातून घेतलेलं, शिलेदाराचं घड्याळ. विकणारा त्याला ‘मिलिटरी इश्यू’ म्हणतो ते चूक आहे, पण म्हणून त्याचं मोल माझ्या नजरेत तसूभरही उतरत नाही.

माझं जी.एस.टी.पी. गेल्या वर्षी तेलपाण्याला दिलं होतं. घड्याळवाल्या काकांनी झाकण उघडून भिंग माझ्या हाती दिलं. आतल्या बाजूला सुईच्या टोकाने ओरखडलेल्या तीन बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण आणि तारीख अशी आत लिहून ठेवतो. एक इंग्रजी होती, ४७ साल स्पष्ट. दुसरी नुसतेच आकडे. तिसरी लागेना.

“आपलीही करू ना?” काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी सुई घेतली, आणि त्या तिघांच्या खाली, पुढच्याला जागा ठेवून, अगदी लहान अक्षरांत लिहिलं.