लोडर वजन उचलत नाही? पंप बदलण्याआधी थांबा

मागच्या भागानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर रिकामा असताना झटकन वर जातो, पण बकेट भरली की अर्ध्यावर दम टाकतो. पंप गेला का?

उत्तराआधी माझीच एक चूक सांगतो. मी इकडे मध्य प्रदेशात, देवासजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. काही वर्षांपूर्वी एका गोठेवाल्या काकांचा ट्रॅक्टर आला. तक्रार हीच. ओलं शेण भरलं की लोडर ट्रॉलीच्या उंचीपर्यंत जाईना. काका म्हणाले, "मागचा रोटाव्हेटर मात्र मस्त उचलतो." मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पंप गेलाय म्हणून सांगितलं आणि नवा बसवला. लोडर जसाच्या तसा! काका ओरडले नाहीत. "आता काय बदलायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. ते अजून कानात आहे.

त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न विचारतो: लोडर हळू चालतो, की कमजोर झालाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग येतो तेलाच्या प्रवाहातून, ताकद येते दाबातून. हिशोब सोपा आहे. सिलिंडरचा आतला व्यास 63 मिलिमीटर असेल, तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 31 चौरस सेंटिमीटर. दाब दर चौरस सेंटिमीटरला 180 किलो असेल, तर एक सिलिंडर सुमारे 5,580 किलोचा जोर लावतो. दाब 110 वर आला की तोच जोर 3,410 वर येतो. बकेटपर्यंत यातला बराच कमी पोचतो, कारण लोडरचे आर्म लांब असतात. पण प्रमाण तेच राहतं. रिकामी बकेट उचलायला थोडाच दाब लागतो, म्हणून रिकामा लोडर ठणठणीत वाटतो आणि आपण फसतो.

आता क्रमाने तपासा. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

पहिलं, तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, बकेट जमिनीवर, इंजिन बंद. मग लेव्हल बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. फेस दिसला तर पंप कुठून तरी हवा ओढतोय किंवा तेल कमी आहे.

दुसरं, क्विक कपलर. ट्रॉलीसाठी किंवा दुसऱ्या अवजारासाठी पाइप काढून परत लावले असतील, तर कपलर अर्धवट बसतो. बाहेरून दिसत नाही, पण आतला रस्ता अरुंद होतो. दाब उतरवून, पुसून, टक आवाज येईपर्यंत बसवा.

तिसरं, सक्शनची जाळी आणि फिल्टर. जाळी तुंबली की पंपाला तेल पुरत नाही आणि तो किंचाळतो. एक खूण लक्षात ठेवा. थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर बरं, तर संशय जाळीवर किंवा जास्त जाड तेलावर. सकाळी चांगलं आणि तासाभराने कमजोर, तर आत कुठेतरी झीज झाली आहे. गरम तेल पातळ होतं आणि फटींतून निसटतं.

चौथं, मागची लिफ्ट. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लोडर आणि मागची लिफ्ट एकाच पंपावर चालतात. मागे जड अवजार नीट उचललं जात असेल, तर पंपाला दोष देण्याआधी लोडरच्या बाजूला शोधा. लोडरला स्वतंत्र पंप असेल तर मात्र ही तुलना चालत नाही.

पाचवं, प्रेशर गेज. इथे अंदाज संपतो. लोडरच्या व्हॉल्व्हला तेल देणाऱ्या पाइपवर 400 किलोपर्यंतचं गेज लावा. बकेट जमिनीजवळ ठेवून ती मागे पूर्ण वळवा आणि लिव्हर दोन-तीन सेकंद धरा. आकडा लोडरच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. मग बकेट रिकामी, आसपास कोणी नाही, अशा वेळी आर्म पूर्ण वर नेऊन तेच करा. दोन्ही वेळा दाब कमी आला, तर रिलीफ व्हॉल्व्ह, जाळी किंवा पंप. बकेट वळवताना पूर्ण आणि आर्म वर असताना कमी, तर आर्मच्या सिलिंडरचे सील किंवा त्या लिव्हरचा स्पूल. दोन्हीकडे पूर्ण, तर लोडर ठीक आहे, भरच जास्त होतोय.

काकांच्या लोडरला गेज लावलं, तेव्हा 180 च्या जागी सुई 110 च्या पुढे जाईना. लोडरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. त्याच्या बैठकीत जुन्या सीलचा रबराचा बारीक तुकडा अडकला होता. तेल तिथूनच टाकीत परत जात होतं. साफ करायला अर्धा तास लागला. त्यांच्या पंपाचे पैसे मी परत केले. काढलेला पंप अजून माझ्या फळीवर आहे, चालू स्थितीत.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल एक विनंती. ताकद वाढावी म्हणून त्याचा स्क्रू गेजशिवाय आवळू नका. पुस्तकातल्या आकड्यापलीकडे गेलात, तर होज फुटतो, आर्मचं वेल्डिंग तडकतं, नाहीतर पुढचा ॲक्सल बसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. उचललेल्या लोडरखाली कधीही जाऊ नका. पाइप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा आणि लिव्हर सगळीकडे हलवून दाब उतरवा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल कातडी भेदून आत जातं. वर नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी तासाभराचाही वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा, आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट, प्रसंगी हातही जातो.

गेज पंपापेक्षा कितीतरी स्वस्त येतं. गावात चार जणांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. पुढच्या भागात सिलिंडरचे सील घरी कसे बदलायचे ते बघू. तोवर, मिस्त्री पंप बदलू म्हणाला तर त्याला एकच विचारा: दाब किती आला?