दाभोळ ते न्हावा शेवा : परक्या पैशाचा मागोवा

परकीय भांडवलावर महाराष्ट्रात उभे राहिलेले पहिले मोठे काम म्हणजे रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या ब्रिटिश खासगी कंपनीची होती. कंपनीला जमीन फुकट मिळाली होती, शिवाय भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. भागधारकांना धोका असा फारसा उरलाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला पहिले कर्ज दिले, तेही रेल्वेसाठीच. पुढे कोयना प्रकल्पालाही तिचे कर्ज मिळाले. कर्ज सरकारने काढायचे, काम सरकारी यंत्रणेने करायचे आणि फेडही सरकारनेच करायची, हा शिरस्ता चार दशके टिकला.

१९९१ च्या परकीय चलनसंकटानंतर वीजनिर्मिती परदेशी कंपन्यांना खुली झाली. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प हे त्याचे पहिले मोठे फळ, आणि सर्वांत कडूही. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या दाभोळ पॉवर कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी करार केला. विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार देणे भाग होते. त्यावर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने मात्र ही वीज परवडणारी नाही म्हणून प्रकल्पाला अर्थसाहाय्य नाकारले होते. कर्ज देणाऱ्या संस्थेने जो हिशेब केला, तो ग्राहक म्हणून वीज मंडळाने करायला हवा होता.

१९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये नाफ्थ्यावर पहिला टप्पा सुरू झाला. इंधन महागले, रुपया घसरला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. प्रकल्पात आयडीबीआय, स्टेट बँक अशा भारतीय संस्थांचे मोठे कर्ज अडकले होते. अखेर २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढावी लागली. गुंतवणूक परदेशी म्हणून आली होती; निस्तरायला घरचाच पैसा लागला.

शिवडी ते न्हावा शेवा सागरी पुलाची गोष्ट नेमकी उलटी. तो खासगी कंपनीकडून बांधून घेऊन पथकरातून वसुली करायची, असा बेत होता. २००८ च्या निविदांत एका अंबानी बंधूच्या गटाने पथकर वसुलीसाठी दहा वर्षांहून कमी, तर दुसऱ्याच्या गटाने ७५ वर्षे मुदत मागितली. वाहतुकीचा अंदाज किती हवेतला होता, हे या तफावतीतच दिसते. त्या निविदा बारगळल्या. २०१३ मध्ये तर एकही निविदा आली नाही. मग जपानच्या ‘जायका’ संस्थेचे सवलतीचे कर्ज घेण्यात आले आणि सुमारे २२ किलोमीटरचा हा पूल अटल सेतू या नावाने १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनलाही याच संस्थेचे कर्ज आहे.

जायकाच्या कर्जाचे व्याज कमी आणि मुदत लांब, पण धोका त्यातही आहे. पूल बांधणाऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाचे उत्पन्न रुपयांत, तर कर्ज येनमध्ये. मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर ठरला. वाहने अपेक्षेपेक्षा कमी धावली तरी परतफेडीचे वेळापत्रक बदलत नाही, आणि ती तूट पुन्हा सार्वजनिक तिजोरीतूनच भरावी लागते.