तोल राखणाऱ्या विकराचा मागोवा

दरेकसा स्थानकाच्या दोन्ही अंगांच्या जंगलातून जाणाऱ्या लोहमार्गावर कीमन रोज पायी फिरून सैल झालेली चावी ठोकून बसवितो. आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएची अशीच अहोरात्र निगराणी करणारी विकरे असतात आणि त्यांपैकी एक निकामी झाले तर मेंदूची काय अवस्था होते, हे विज्ञानाला प्रथम शिकविले ते आजारी मुलांनी.

१९२६ साली सिलाबा आणि हेन्नर या डॉक्टरांनी, १९४१ साली डॉ. लुई-बार यांनी जे रुग्ण नोंदविले, त्यांची लक्षणे वाचताना आजही मन कळवळते: चालू लागलेले मूल पुन्हा झोकांड्या खाऊ लागते, बोलणे अडखळते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर तांबड्या शिरांचे जाळे उमटते. विकाराला ‘अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया’ हे नाव मिळाले, कारण मात्र गूढच राहिले. यांपैकी काही मुलांना कर्करोग झाला आणि नेहमीच्या मात्रेचे किरणोपचार त्यांना विलक्षण घातक ठरले, तेव्हा कुठे संशयाची दिशा बदलली. १९७५ मध्ये त्यांच्या पेशीही प्रयोगशाळेत किरणांपुढे तितक्याच दुबळ्या असल्याचे सिद्ध झाले, आणि १९९५ साली तेल अवीवच्या योसेफ शायलोह यांच्या चमूने अकराव्या गुणसूत्रावरील ‘एटीएम’ हे जनुक हुडकून काढले. डीएनएचे दोन्ही धागे तुटताच पेशीचे विभाजन थोपवून दुरुस्तीची तजवीज करणे, हे त्या जनुकापासून बनणाऱ्या विकराचे काम.

चेतापेशी एकदा घडली की पुन्हा विभागत नाही, तिला आयुष्यभर त्याच डीएनएवर भागवावे लागते; म्हणून दुरुस्तीतील कसूर तिला विशेष जाचते. या विकारात लहान मेंदूतील पुर्किंजे पेशी झिजतात. हैदराबाद विद्यापीठात के. सुब्बा राव यांनी वृद्ध उंदरांच्या चेतापेशींत दुरुस्तीचे दुसरे एक विकर, डीएनए पॉलिमरेज-बीटा, उणे पडत असल्याचे दाखविले, तेव्हा हा प्रश्न केवळ दुर्मीळ आजारापुरता उरला नाही.

विकार बरा करणारे औषध अद्याप नाही, तरी निदानाचे मोल मोठे आहे. सिकलसेलमुळे ‘वाहक’ म्हणजे काय ते आमच्या सालेकसा तालुक्यात समजावून सांगावे लागत नाही. या विकारातही आईबाप दोघे वाहक असतील तरच मूल आजारी पडते. या विकारात प्रतिकारशक्तीही दुबळी असते; प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात विकारांची तपासणी मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होते, पण ती येथून सुमारे हजार किलोमीटरवर. म्हणून आईबापांना विनंती एवढीच की, मुलाचा तोल दिवसेंदिवस ढळत असेल तर अशक्तपणा म्हणून दिवस घालवू नका, या विकारात रक्तात वाढणाऱ्या अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारा आणि निदान झाले असल्यास कोणत्याही किरणोपचारापूर्वी ते त्यांच्या कानावर अवश्य घाला.