कोकणातील कुटुंबकादंबरी

कोकणातील गावातल्या अथवा लहान बंदरातल्या एखाद्या घराचा ऱ्हास पिढ्यांच्या क्रमाने चित्रित करणारा मराठी कादंबरीचा एक प्रकार. तिचा प्रमुख प्रदेश हरिहरेश्वरच्या दक्षिणेस आहे. हरिहरेश्वर (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) सावित्री नदीच्या मुखाशी वसले असून खाडीपलीकडे बाणकोट व पुढे केळशी, आंजर्ले, मुर्डी, हर्णै ही गावे लागतात. या प्रकाराचे प्रमुख लेखक श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) यांचा जन्म मुर्डीचा. बालपणीच ते मुंबईस गेले व पुढे बेस्ट उपक्रमात नोकरी करीत असताना त्यांनी आपले बहुतेक कोकण लिहिले.

घराण्याच्या उतरत्या काळाची कादंबरी यूरोपात उद्योग व व्यापार यांच्या आश्रयाने वाढली. टोमास मान यांच्या बुडेनब्रोक्स (१९०१) या कादंबरीत एका धान्यव्यापारी घराण्याच्या चार पिढ्या येतात. कोकणात मोठे कारखाने नव्हते. येथील घरांचा उद्योग सु. २०० किमी. वरील मुंबईत, कापडगिरण्यांत होता. गावाकडे शेती, नारळी-पोफळीच्या बागा आणि महिन्याची मनीऑर्डर एवढाच आधार असे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली खरी. परंतु बागायत थोड्या घरांची, मनीऑर्डर मात्र बहुतेक घरांची होती.

गावातील सत्तेचा पाया खोती हा होता. खोत हा सरकार व कुळे यांमधील वंशपरंपरागत सारावसुली करणारा मध्यस्थ. कुळाकडून तो पिकाचा हिस्सा घेई आणि अनेक ठिकाणी वेठही घेई. या पद्धतीविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. दरम्यान १९४८ चा कूळकायदाही आला होता. याच सुमारास रस्त्यांची वाहतूक वाढत गेली व बाणकोटसारख्या खाडीबंदरांचे महत्त्व उतरले. घरे मोठी राहिली, उत्पन्न गेले.

या स्थित्यंतराच्या ऐन काळात पेंडसे लिहू लागले, ही गोष्ट समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. एल्गार (१९४९), हद्दपार (१९५०) व गारंबीचा बापू (१९५२) या त्यांच्या कादंबऱ्या लागोपाठ आल्या. गारंबीच्या बापूचा अण्णा खोतांशी होणारा संघर्ष केवळ दोन स्वभावांचा नाही. खोताच्या शब्दाचा दरारा ओसरू लागल्यावरच असा नायक संभवतो. रथचक्र (१९६२) मध्ये एकत्र कुटुंबात पतीवाचून एकट्या पडलेल्या स्त्रीची मुलांच्या शिक्षणासाठी चाललेली झुंज आहे. नायिकेला नाव नाही. जमिनीची जागा शिक्षण कसे घेते, हे तीत इतके स्पष्ट दिसते, की १९६३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिच्याकडे जावा यात नवल नाही. जगबुडी नदीकाठच्या घराण्याच्या चार पिढ्यांची तुंबाडचे खोत (१९८७) ही द्विखंडात्मक कादंबरी या प्रकारातील सर्वांत विस्तृत कृती होय. तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटाने तिच्यातील केवळ गावाचे नाव घेतले. कथेशी त्याचा संबंध नाही.

गो. नी. दांडेकर (१९१६–९८) जन्माने वऱ्हाडातील. तथापि पडघवली (१९५५) ही त्यांची कादंबरी अंबावहिनीच्या तोंडून कोकणी बोलीच्या वळणानेच सांगितली आहे. पेंडशांच्या घरांत माणसे भांडून फुटतात, तर पडघवलीत गावच ओस पडत जाते. तीतील स्मरणरंजन काहीसे अधिक आहे. गेलेल्या व्यवस्थेत कुळाच्या वाट्याला काय येत होते, याची झळ तिला फारशी लागत नाही.

गावातून गेलेला माणूस गिरणीत पोचला, की मराठी कादंबरी त्याला दुसऱ्या दालनात नेऊन ठेवते. मामा वरेरकर यांची धावता धोटा (१९३३) गिरणीकामगारांवर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगाव त्यातून सावरले नाही. त्या पडझडीतील एका कुटुंबाचे चित्र जयंत पवार (मृ. २०२१) यांच्या अधांतर (१९९७) या नाटकात उमटले. त्यांच्या फिनिक्सच्या राखेतून उठला मोर या कथासंग्रहास २०१२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पेंडसे ‘प्रादेशिक’ आणि पवार ‘महानगरीय’ अशी विभागणी रूढ आहे. ती सोयीची असली, तरी गणपती व शिमग्याला गावी येणारे आणि गिरणी बंद पडल्यावर चुलत्याच्या दारी परतणारे कुटुंब तिच्यात दोन तुकड्यांत वाटले जाते. संपाच्या काळात मनीऑर्डर थांबलेल्या गावातल्या घराची मोठी कादंबरी या दोन्ही दालनांत आढळत नाही.

उणीव दुसरीही आहे. कोकणात मराठा व मुसलमान खोतही होते. कादंबरीतील वाडे मात्र बहुतांशी ब्राह्मणांचे आहेत, आणि कुणबी व महार माणसे त्यांच्या ओटीपाशीच थांबतात. ही बाजू कादंबरीपेक्षा आत्मकथनातून अधिक आली. रत्नागिरी जिल्ह्यातील उर्मिला पवार यांच्या आयदान (२००३) या आत्मकथनाचे नाव त्यांची आई बांबूची जी टोपल्या-सुपे विणून घर चालवी, त्यांवरून आले आहे.